फोन म्हातारा झाला, की नुसती बॅटरी?

जानेवारीत पहाटे अंधारातच कळसूबाई चढायला सुरुवात केली. लोखंडी शिड्या पार करून १६४६ मीटरवरच्या माथ्यावर पोचलो तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. वारा असा की बोटं वळत नव्हती. फोनवर २८ टक्के बॅटरी दिसत होती. सूर्याची कड वर आली, मी कॅमेरा उघडला आणि पडदा काळा. फोन बंद. भाच्याने स्वतःच्या नव्याकोऱ्या फोनवर चार फोटो काढले आणि म्हणाला, "मावशी, आता तरी बदल. कामातून गेलाय तो."

खाली बारी गावात चहा पिताना सहज बटण दाबलं. फोन सुरू झाला आणि त्याने २६ टक्के दाखवले. वर संपलेली बॅटरी खाली येईपर्यंत भरली कुठून?

घरी परतल्यावर आठवडाभर मी पंचवीस ते तीस हजारांतले फोन बघत होते. पण ते २६ टक्के डोक्यातून जाईनात. कारण चार्ज वरही होताच. फोनला तो मागेल त्या वेगाने मिळत नव्हता, एवढंच.

बॅटरीला पाण्याची टाकी समजायची सवय आपल्याला टक्क्यांनी लावली आहे. टाकीत पाणी किती, हा निम्मा प्रश्न झाला. उरलेला निम्मा म्हणजे नळ किती मोठा. प्रत्येक बॅटरीला आतून थोडा विरोध असतो, अंतर्गत रोध. जास्त प्रवाह ओढला की या रोधामुळे व्होल्टेज तेवढ्यापुरतं खाली बसतं. समजा, पाव भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज ३.७ आहे आणि कॅमेरा उघडताना प्रोसेसर, पडदा आणि लेन्सची मोटर मिळून क्षणभर २ अँपिअर ओढतात. रोध ०.१ ओहम असेल तर व्होल्टेज ०.२ ने उतरून साडेतीनवर थांबेल; फोनला कळणारही नाही. बॅटरी जुनी असेल, त्यात थंडी असेल आणि रोध ०.३ वर गेला असेल, तर ३.७ मधून ०.६ गेले, उरले ३.१. एवढ्यावर बहुतेक फोन चालत नाहीत. आतल्या चिपा चुकीचं काही लिहून बसण्याआधी फोन स्वतःला बंद करून घेतो. खाली ऊब मिळाली, रोध उतरला, गाडी परत रुळावर.

थंडी तात्पुरती असते; वयामुळे वाढलेला रोध मात्र मागे फिरत नाही. चार्ज करताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. अगदी पहिल्या चार्जिंगच्या वेळीच ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर आतल्या द्रवाचं थोडं विघटन होतं आणि एक पातळ पापुद्रा तयार होतो. दुधावरची सायच म्हणा. ही साय हवीच असते. ती आयनांना वाट देते, इलेक्ट्रॉनांना अडवते आणि पुढचं विघटन रोखते. फक्त ती पूर्णपणे रोखत नाही. वर्षानुवर्षं साय जाड होत राहते, त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं आणि आयनांची वाट बिकट होत जाते. त्यामुळे एकाच वेळी टाकी लहान होते आणि नळही बुजतो. १९९१ मध्ये सोनीने पहिल्यांदा लिथियम आयन बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ मध्ये या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ही साय काही कुणाला पूर्ण थांबवता आलेली नाही.

ती वेगाने वाढते दोन गोष्टींनी: उष्णता आणि काठोकाठ भरलेला चार्ज. थंडीने माझा फोन त्या दिवशी बंद पाडला खरा, पण त्याचं आयुष्य खाल्लं ते उन्हाळ्याने. बऱ्याच कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरायला सांगतात. अकोला-चंद्रपूरकरांनी मे महिन्यात या सल्ल्याचं काय करायचं, ते कुणी लिहीत नाही. त्यातही गाडीच्या डॅशबोर्डवर, उन्हात, नकाशा लावून, चार्जरला जोडलेला फोन म्हणजे बॅटरीचे सगळे शत्रू एका ठिकाणी.

बॅटरी आणि 'फोन स्लो झाला' यांचा संबंध किती जवळचा आहे, ते २०१७ च्या डिसेंबरात जगाला कळलं. जुन्या बॅटरीचे आयफोन असे अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअरमधून प्रोसेसरचा वेग कमी केला जातो, हे ॲपलने तेव्हा मान्य केलं. अभियांत्रिकी म्हणून उपाय चुकीचा नव्हता. प्रवाहाची उसळी कमी केली की व्होल्टेज बसत नाही. गुन्हा होता न सांगण्याचा. लोकांना वाटलं फोन जुना झाला, नवा घ्यायला हवा. नुसती बॅटरी बदलली असती तरी वेग परत आला असता. पुढे कंपनीने अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला आणि २०२० मध्ये फ्रान्सने अडीच कोटी युरोंचा दंड ठोठावला.

म्हणून फोन बदलायचा विचार आला की पहिला प्रश्न हा: काय म्हातारं झालंय? काही फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता दिसते. ती ८० टक्क्यांच्या खाली असेल, किंवा वीस-तीस टक्क्यांवरून फोन थेट बंद पडत असेल, तर दोष बहुधा तिथेच. पाठीमागचं झाकण उचललं जात असेल तर मात्र बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्ज करायचा नाही, दाबायचा नाही, सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा.

दुसरा म्हातारा होणारा भाग म्हणजे साठवण. याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि मला यातच सगळ्यात जास्त गंमत वाटते. फोनची साठवण म्हणजे फ्लॅश मेमरी. तिच्यात माहिती ज्या लहान तुकड्यांत लिहिली जाते त्यांना पानं म्हणतात, आणि अशी पुष्कळ पानं मिळून एक ब्लॉक. लिहिताना एकेका पानावर लिहिता येतं, पण पुसताना अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. लग्नातली पंगत डोळ्यांसमोर आणा. पानं एकेक मांडता येतात, पण उष्टी काढून जमीन पुसायची ती सगळी पंगत उठल्यावर. रांगेत दोन म्हातारे अजून ताकभात खात बसले असतील तर काय करायचं? त्यांना हाताला धरून दुसऱ्या पंगतीत नेऊन बसवायचं आणि मग ही रांग पुसायची. साठवण सांभाळणारा फोनमधला कंट्रोलर दिवसरात्र हेच करत असतो. मांडवात जागा मोकळी असेल तर ते काम मागच्या मागे उरकतं. मांडव खचाखच भरला असेल, म्हणजे १२८ जीबीमधले १२५ 'सुप्रभात'च्या चित्रांनी व्यापले असतील, तर प्रत्येक नव्या पाहुण्यासाठी आधी कुणाला तरी उठवावं लागतं. आपण त्याला फोन हँग होणं म्हणतो. वीस-पंचवीस जीबी मोकळे करून फोन बंद-चालू करा आणि दोन दिवस वाट बघा. दर वेळी नाही, पण बऱ्याच वेळा फोन पुन्हा हलका होतो.

याउलट बऱ्याच स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी जातीची साठवण असते. तिच्यात वाचणं आणि लिहिणं आळीपाळीने होतं. यूएफएस या दुसऱ्या जातीत दोन्ही एकाच वेळी चालतात, वेगही काही पटींनी जास्त. हा फरक साफसफाईने भरून निघत नाही. 'व्हर्च्युअल रॅम ८ जीबी' असं पेटीवर ठसठशीत लिहिलेलं असतं, ते म्हणजे याच साठवणीचा एक कोपरा रॅम, म्हणजे चालू कामापुरती हाताशी लागणारी मेमरी, म्हणून वापरणं. फ्लॅशमधून माहिती मिळायला रॅमपेक्षा साधारण हजारपट वेळ लागतो. ओट्यावर जागा नाही म्हणून तिखटमिठाचा डबा शेजारच्या गावी ठेवल्यासारखं ते.

प्रोसेसरला मात्र या अर्थाने वय होत नाही. ट्रान्झिस्टर तीन-चार वर्षांत थकत नाहीत. वाढतं ते त्यांच्यावरचं ओझं, कारण ॲप दर वर्षी जाडजूड होतात. त्यामुळे नवा मिडरेंज, म्हणजे मधल्या किमतीचा, फोन जुन्यापेक्षा वेगवान असेलच, हे गृहीत धरू नका. स्नॅपड्रॅगन ७ प्लस जेन २ ही प्रोसेसरची चिप मार्च २०२३ मध्ये आली, आणि सहा महिन्यांनी ७एस जेन २. नाव जवळजवळ तेच, दोन्हींवर '४ नॅनोमीटर', म्हणजे चिपेची घडण किती बारीक त्याचा आकडा. पण नंतर आलेल्या चिपेत २०२० सालच्या रचनेचे मोठे गाभे (कोअर) होते आणि आधीची तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान. नॅनोमीटरच्या आकड्यावर तर विसंबूच नका. तो आता मापाचा आकडा उरलेला नाही, पिढीचं नाव झालाय. या चिपांमध्ये ४ नॅनोमीटर लांबीचं असं काही शोधून सापडत नाही.

मेगापिक्सेलचंही तेच. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा सहसा शेजारचे चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो, १०८ वाला नऊ एकत्र करून बाराचा. खरा प्रश्न प्रकाश किती गोळा होतो हा आहे, आणि तो सेन्सरच्या आकारावर ठरतो. आकार १/१.५६ इंच अशा विचित्र अपूर्णांकात लिहिलेला असतो; त्यातला इंच जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीचा आहे, पट्टीवरचा नव्हे. आपल्यापुरतं एवढंच: खालचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा. आणि अगदी जवळून फोटो काढायचा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा हा संख्या भरायला असतो. पानात वाढलेल्या मिठासारखा, कुणी हात लावत नाही.

पडद्याची गोष्ट वेगळी. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं असताना, एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १२० वर ८.३. हा फरक दुकानात लगेच जाणवतो आणि आठवड्यात अंगवळणी पडतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत वेबर यांनी हातात वजनं देऊन दाखवलं होतं की आपल्याला कळतो तो फरक नुसता किती यावर नाही, मुळाच्या मानाने किती यावर ठरतो. हातात पाव किलो असताना वाढवलेले पन्नास ग्रॅम कळतात, पाच किलो असताना कळत नाहीत. फोनचंही तसंच. ॲप उघडायला चार सेकंद लागत होते ते एकावर आले तर सुख. चाराचे पावणेचार झाले, तर ते भाच्याला कळेल, मला नाही.

एक गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि तीच सर्वांत आधी बघायला हवी: सुरक्षा अपडेट. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाची भोकं सापडली. एखादा व्हिडिओचा संदेश येऊन पडला तरी फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. तेव्हापासून गूगल दर महिन्याला दुरुस्त्या काढू लागलं. तुमच्या फोनपर्यंत त्या किती वर्षं पोचतील, हे कंपनी ठरवते. पूर्वी मिडरेंजला दोन-तीन वर्षं मिळायची. २०२३ च्या गूगलच्या पिक्सेल ८ ला सात वर्षांचं वचन मिळालं, २०२४ मध्ये सॅमसंगच्या ए१६ ५जी सारख्या साध्या फोनला सहा वर्षांचं. ज्या फोनवरून आपण भाजीवाल्यापासून गृहकर्जापर्यंत सगळे पैसे देतो, त्याची दुरुस्ती थांबली असेल तर माझ्या मते तो बदलायचाच, मग तो कितीही छान चालत असो. सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख असते. ती वर्षापूर्वीची निघाली तर समजा.

तर माझ्या फोनचं काय झालं? ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण गरम करून सोडवलं आणि साडेचौदाशे रुपयांत नवी बॅटरी बसवली. "मॅडम, पाण्यात नेऊ नका आता," एवढं बजावलं, कारण एकदा उघडला की पूर्वीचा जलरोध राहत नाही. अपडेट अजून दीड वर्ष येणार आहेत. फेब्रुवारीत पहाटे हरिश्चंद्रगडावर नेला, १९ टक्क्यांवर फोटो काढला. बंद पडला नाही.

नवा फोन मात्र घरात आलाच. एवढी उलाढाल केल्यावर आईचा फोन हातात घेतला: ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी गच्च भरलेली, शेवटचं सुरक्षा अपडेट अडीच वर्षांपूर्वीचं, आणि पेन्शनचं खातं त्याच फोनवर. ती कधी तक्रार करत नव्हती. ॲप उघडायला वेळ लागतो तेवढ्यात ती कुकरच्या शिट्ट्या मोजून यायची. तिच्यासाठी यूएफएस साठवण, ८ जीबी खरी रॅम आणि सहा वर्षांची अपडेट असलेला, बावीस हजारांच्या आतला फोन घेतला. कॅमेरे किती आहेत ते मी मोजलेच नाहीत.

आठ दिवसांनी विचारलं, "कसा आहे गं फोन?"

"बरा आहे," ती म्हणाली. "पण जुन्यात 'ळ' हाताशी होता. यात सापडतच नाही. कालपासून सगळ्यांना 'केलीचे वेफर्स आणा' म्हणून पाठवतेय."