सोन्याखालचं हिरवं

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की कळकतं, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्र न शिकताही पक्कं ठाऊक होतं. आंबट पदार्थ तांब्याला खातो आणि त्यातून हिरवट क्षार तयार होतात. रोममध्ये एका पुतळ्याच्या अंगावर शतकानुशतकं असंच काहीसं चालू होतं. तिथे ताकाच्या जागी पावसाचं पाणी होतं.

हा पुतळा सम्राट मार्कस ऑरेलियसचा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, कांस्याचा, पोकळ, 4.24 मीटर उंच. घोड्याने उजवा पाय उचललाय, सम्राटाने उजवा हात पुढे केलाय. रिकीब कुठेच नाही, कारण रोमन स्वारांना ती माहीतच नव्हती. प्राचीन रोममधले असे बहुतेक कांस्य पुतळे पुढे धातूसाठी वितळवले गेले. हा वाचला तो चुकीच्या ओळखीमुळे: मध्ययुगात लोक त्याला कॉन्स्टंटाइन, म्हणजे पहिला ख्रिस्ती सम्राट, समजत होते. 1538 मध्ये तो कॅपिटोलाइन टेकडीवर आला आणि मायकेलअँजेलोने आखलेल्या चौकाच्या मध्यभागी उभा राहिला.

कांस्य म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथील. उघड्या हवेत त्यावर आधी तांब्याच्या ऑक्साइडचा तांबूस-तपकिरी थर येतो. हा थर सलग असेल तर आतल्या धातूला तो बराच सांभाळतो. पण विसाव्या शतकात मोटारी वाढल्या, घरं तापवायला तेल जळू लागलं आणि शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड साचला. पाण्याशी गाठ पडली की त्याचं शेवटी सल्फ्युरिक आम्ल होतं आणि तांब्यावर ब्रोकँटाइट नावाचा फिका हिरवा क्षार धरतो. आपल्या मोरचुदाचाच हा भाऊबंद, फक्त पाण्यात सहज न विरघळणारा. पाऊस जिथे थेट धुतो तिथे उघड्यावरच्या कांस्यावर हिरवे ओघळ दिसतात; वळचणीच्या जागी धूळ-काजळीची काळी पुटं बसतात. ओघळ लांबून शोभून दिसतात, पण त्यातला प्रत्येक ओघळ म्हणजे पुतळ्यातून निघून गेलेलं तांबं आहे.

मार्कस ऑरेलियसच्या बाबतीत आणखी एक गुंता होता, आणि मला या सगळ्यात तोच सर्वांत विलक्षण वाटतो. हा पुतळा मुळात सोन्याने मढवलेला होता. सोनं गंजत नाही, मग त्याने खालच्या कांस्याला वाचवायला हवं होतं. पण मुलामा पातळ, त्यात बारीक छिद्रं आणि चिरा. त्यांतून ओलावा आत शिरला की सोनं, तांबं आणि क्षारयुक्त पाणी मिळून एक छोटी विद्युतघटमालाच तयार होते. अशा जोडीत कमी उदात्त, म्हणजे जास्त सहज गंजणारा, धातू झिजतो. सोनं अभंग राहतं, तांबं विरघळतं. सोन्याखाली तयार होणारे क्षार मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतात, त्यामुळे ते खालून फुगतात आणि सोन्याचा पापुद्रा उचलून पाडतात. दागिना अंगाला लागला म्हणतात ना, तसंच हे!

1981 मध्ये पुतळा चौथऱ्यावरून उतरवला आणि रोममधल्या सरकारी संवर्धन संस्थेत नेला. तपासणी आणि डागडुजी 1990 पर्यंत चालली. तो पुन्हा चौकात ठेवायचा नाही असं ठरलं. चौक ओका दिसेल हे खरं होतं, तरी हा निर्णय योग्यच होता असं मला मनापासून वाटतं. ओलावा थांबवला तर ती घटमाला थांबते, आणि भर चौकात ओलावा थांबवता येत नाही. 1997 मध्ये चौथऱ्यावर प्रतिकृती बसली. मूळ पुतळा शेजारच्याच कॅपिटोलाइन संग्रहालयात, काचेच्या छताच्या दालनात आहे.

त्याच्यावर पुन्हा सोनं चढवलं नाही. रोममध्ये जुनी समजूत आहे की हा पुतळा परत पूर्ण सोनेरी झाला की जगाचा अंत येईल, आणि घोड्याच्या कानांमधला केसांचा झुबका, जो लोकांना घुबडासारखा दिसतो, तो तेव्हा ओरडेल. दालनात जवळ उभं राहिलं की अजूनही हिरव्या अंगावर मधूनमधून सोन्याचे तुकडे चमकताना दिसतात.