पीसीओएस आणि रक्तचाचण्या: एलएचपासून एएमएचपर्यंत

शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. पाळी बंद झालेली, अंडाशय मोठे आणि गाठीगाठींचे. यालाच आज पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) म्हणतात. तेव्हा पोटात हवा भरून एक्स-रे काढायचा आणि शेवटी पोट उघडूनच खात्री करून घ्यायची. रक्तात शोधावं असं काही हाताशी नव्हतं.

ते दार १९६०च्या सुमारास यॅलो आणि बर्सन यांच्या, रक्तातली अगदी थोडी संप्रेरकंही मोजणाऱ्या, रेडिओइम्युनोअ‍ॅसेने उघडलं. १९७०पर्यंत पीसीओएसमध्ये एलएच (अंडं सुटायला लावणारं पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक) वाढलेलं दिसू लागलं आणि एलएच आणि एफएसएच (त्याच ग्रंथीचं दुसरं संप्रेरक) यांचं गुणोत्तर दोन-तीनच्या वर म्हणजे पीसीओएस, हा ठोकताळा रुजला. आजही रिपोर्ट हातात आला की आधी तेच पाहिलं जातं. ते थांबायला हवं. एलएच ठराविक अंतराने उसळत स्रवतं, त्यामुळे एकाच नमुन्यावर भिस्त ठेवता येत नाही. शिवाय वजन जास्त असेल तर ते फारसं वाढलेलं दिसतही नाही. पीसीओएस ओळखण्याच्या २००३च्या रॉटरडॅम निकषांत त्याला जागा मिळाली नाही. तिथे तीन गोष्टी आहेत: बिघडलेली पाळी, वाढलेले अँड्रोजेन म्हणजे पुरुषी संप्रेरकं (लक्षणांत किंवा रक्तात) आणि सोनोग्राफीत दिसणारे गाठीगाठींचे अंडाशय. त्यांपैकी कुठल्याही दोन पुरतात, पण थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन तपासून इतर कारणं बाजूला काढल्यावरच.

खरी अडचण टेस्टोस्टेरॉन या अँड्रोजेनची. नेहमीच्या, अँटिबॉडी वापरून मोजणाऱ्या इम्युनोअ‍ॅसे किट पुरुषांच्या पातळीवर ठीक चालतात. स्त्रियांत ते इतकं कमी असतं की आकडा भरकटतो. म्हणून मास स्पेक्ट्रोमेट्रीचा (रेणूच्या वजनावरून मोजणाऱ्या पद्धतीचा) आग्रह. त्यातही एकूण टेस्टोस्टेरॉन एकटं फसवतं. समजा दोघींचं १.५ नॅनोमोल प्रति लिटर आहे. एकीचं एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं रक्तातलं प्रथिन) ६०, तर फ्री अँड्रोजेन इंडेक्स (टेस्टोस्टेरॉन भागिले एसएचबीजी, गुणिले १००) येतो २.५, दुसरीचं एसएचबीजी २०, तिचा ७.५. वाढलेलं इन्सुलिन यकृतातलं एसएचबीजी घटवतं, म्हणून हा फरक पडतो. गर्भनिरोधक गोळ्या उलट ते वाढवतात. त्या किमान तीन महिने बंद असल्याशिवाय अँड्रोजेनचा रिपोर्ट वाचण्यात अर्थ नाही (त्या काळात दुसरं गर्भनिरोधक लागेल). केस गळतात म्हणून घेतलेलं जास्त मात्रेचं बायोटिनही काही किटमध्ये टेस्टोस्टेरॉन खोटं वाढवून दाखवतं. रक्त देण्याआधी ते लॅबला सांगा.

एएमएच हे संप्रेरक अंडाशयातल्या छोट्या फॉलिकलमधून (अंडी वाढतात त्या पिशव्यांमधून) स्रवतं, आणि पीसीओएसमध्ये हे फॉलिकल जास्त असतात. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ स्त्रियांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच चालेल असं मान्य केलं. पाळी अनियमित आणि अँड्रोजेनही वाढलेले असतील तर मात्र निदान झालेलंच असतं, एएमएचचा खर्च कशाला? किटनुसार आकडे बदलतात, त्यामुळे सगळ्या लॅबना लागू पडेल अशी एकच सीमारेषा नाही. कुमारवयात एएमएच एरवीही जास्त असतं, म्हणून त्या मुलींच्या निदानासाठी ते वापरत नाहीत.