बुक लर्निंग की पोझिशन लर्निंग? इंजिन नेमकं शिकतं कुठं

"भावा, काल ज्या लाइनीत इंजिनला हाणलं, ती आज खेळतच नाही. शिकलंय ते!" कोल्हापुरात बुद्धिबळाच्या क्लासला जाणारी पोरं इंजिनबद्दल, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामबद्दल, असं सर्रास बोलतात. बरोबर असू शकतं. फक्त बदल ओपनिंग बुकात (सुरुवातीच्या तयार चालींच्या यादीत) झालाय की पोझिशनच्या, म्हणजे पटावरच्या मांडणीच्या फाइलीत, हे बघायला हवं.

आधी बुक. पॉलिग्लॉट या बुकाच्या प्रचलित फॉरमॅटातली एक नोंद १६ बाइटची असते: ८ बाइट पोझिशनची ओळख, २ चाल, २ चालीचं वजन आणि उरलेले ४ लर्निंगसाठी. वजन सहसा विजयाला दोन, बरोबरीला एक असं मोजतात. जितकं वजन जास्त, तितकी ती चाल पटावर येण्याची शक्यता जास्त. बुक लर्निंग म्हणजे खेळून झाल्यावर ही वजनं वरखाली करणं.

इथंच गोम आहे. ओपनिंग झकास निघालं आणि शेवटी हत्तीच्या एंडिंगमध्ये माती खाल्ली, तर शिक्षा ओपनिंगला का? म्हणून रॉबर्ट हायट यांचं क्राफ्टी हे इंजिन नुसत्या निकालावर विसंबत नसे. बुक संपल्यावरच्या पहिल्या दहा चालींत आपलंच मूल्यमापन सुधारतंय की घसरतंय हे बघून ते बुकातल्या चालीला बक्षीस किंवा दंड द्यायचं. मला हीच पद्धत जास्त शहाणी वाटते.

पोझिशन लर्निंग बुकाला हातच लावत नाही. डावात मूल्यमापन अचानक कोसळलं, की ती पोझिशन, तिचं मूल्य आणि किती खोल विचार केला होता, एवढं डिस्कवर लिहून ठेवायचं. पुढच्या डावाआधी ते हॅश टेबलात, म्हणजे आधी तपासलेल्या पोझिशन जिथं राहतात त्या मेमरीतल्या तक्त्यात, भरायचं. मग तीच पोझिशन शोधात दिसली की इंजिनला धोका काही चाली आधीच कळतो.

कोल्हापुरात सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानकावरून) रंकाळ्याला दसरा चौकाकडून जायचं की बिंदू चौकाकडून, हे ठरवणं म्हणजे बुक लर्निंग. गंगावेशीतला खड्डा लक्षात ठेवणं म्हणजे पोझिशन लर्निंग. तिथं कुठूनही या, खड्डा तोच. पटावर १.डी४ डी५ २.सी४ ई६ आणि १.सी४ ई६ २.डी४ डी५ या दोन्ही वाटा एकाच पोझिशनला पोचतात, आणि ओळख पोझिशनची असल्यामुळं नोंद दोन्हीकडं लागू पडते.

दोन्हींचा जन्म एकाच डोकेदुखीतून झाला: इंजिनला हरवणारी एखादी लाइन सापडली, की माणसं तीच पुन्हा पुन्हा खेळून फुकटचे गुण लाटायची.

आजचं स्टॉकफिश हे लोकप्रिय इंजिन यातलं काहीच करत नाही. त्याच्याकडं स्वतःचं बुकच नसतं. ते जोडायचं काम गुईचं (GUI), म्हणजे पट दाखवणाऱ्या प्रोग्रामचं. त्याच्या मूल्यमापनाच्या न्यूरल नेटवर्कचं प्रशिक्षण तर तुमच्या लॅपटॉपवर येण्याआधीच उरकलेलं असतं.

लर्निंग चालू ठेवणार असाल, तर बुकाची एक प्रत बाजूला काढून ठेवा. दुबळ्या इंजिनाला चोपत राहिलात, तर भिकार गँबिटचंही (सुरुवातीलाच प्यादं देऊन टाकणाऱ्या ओपनिंगचंही) वजन फुगतं. आणि दोन इंजिनांची तुलना करताना दोन्हीकडचं लर्निंग बंद करा, नाहीतर शेवटचा डाव पहिल्या डावाच्या अटींवर खेळला जात नाही.