ठोकून पाडलेले रियाल: वजन ठरलेले, कडा वेड्यावाकड्या

1497 मध्ये मेदिना देल कांपो येथे काढलेल्या फर्मानाने स्पेनमधील कास्तील राज्याच्या रियाल या चांदीच्या नाण्याचे मान ठरले: एका मार्क चांदीतून, म्हणजे सुमारे 230 ग्रॅममधून, 67 रियाल पाडायचे आणि कस हजारात 930 च्या आसपास राखायचा. अमेरिकेतील चांदी हाती आल्यावर मेक्सिको आणि पोतोसी (आजच्या बोलिव्हियात) येथील टाकसाळींनाही हेच मान लागू झाले. तरीही त्यांची हातोड्याने पाडलेली दोन नाणी शेजारी ठेवली, तर ती एका टाकसाळीतली वाटू नयेत इतकी वेगळी दिसतात.

चांदीच्या पट्टीचे तुकडे पाडून कारागीर कातरीने त्यांचे कोपरे वजन जुळेपर्यंत छाटत असे. त्यामुळे आठ रियालांचे नाणे 27 ग्रॅमच्या आसपास भरे, पण गोल क्वचितच होई. तुकडा खालच्या, पक्क्या बसवलेल्या ठशावर ठेवून वर हातात धरलेल्या ठशावर घाव घातला जाई. दोन घावांमध्ये तुकडा जरासा सरकला, तर नाण्यावरच्या क्रूसाच्या रेषा दुहेरी उमटत.

धातुशास्त्राच्या दृष्टीने खरी गंमत पृष्ठभागात आहे. ठोकल्याने चांदी कडक होते, म्हणून ती तापवून पुन्हा मऊ करावी लागते. या तापवण्यात मिश्रणातले तांबे हवेशी संयोग पावून काळे पडते. आम्लयुक्त द्रावात ते धुऊन निघाले, की वरचा थर आतल्यापेक्षा शुद्ध उरतो. आज क्ष-किरणांनी केवळ पृष्ठभाग तपासला तर कस फुगवून दिसू शकतो, तो याचमुळे. खात्रीचा जुना मार्ग म्हणजे नमुना शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत वितळवणे: शिसे आणि तांबे ऑक्साइड होऊन मुशीत मुरतात, मागे चांदीचा मणी उरतो.

कसाची हमी म्हणून तो तपासणाऱ्या पारख्याचे आद्याक्षर नाण्यावर असे, परंतु पोतोसीत पारखीच फितूर झाला. 1649 पासून झालेल्या चौकशीत हिणकस नाणी उघड झाली, दोषींना मृत्युदंड मिळाला आणि 1652 मध्ये दोन स्तंभ व समुद्राच्या लाटांचे नवे चित्र आले. चांदी कातरून घेण्याची चोरी मात्र वेगळी होती, कारण मुळातच वेडीवाकडी असलेली कड पाहून काही कळत नसे, तराजूच हवा. सुरतेच्या टाकसाळीतही रियाल वजन आणि कस पाहूनच घेतले जात आणि वितळवून त्यांचे रुपये पाडले जात. मेक्सिकोत 1732 पासून यंत्राने गोल, नक्षीदार कडेची नाणी निघू लागली, तेव्हा कातरलेले नाणे नजरेने ओळखता येऊ लागले.