हल्क जिंकेल की सुपरमॅन? आधी जमिनीला विचारा

1996 साली डीसी आणि मार्वल या अमेरिकेतल्या दोन कट्टर प्रतिस्पर्धी कॉमिक्स प्रकाशकांनी एकत्र येऊन चार अंकांची एक मालिका काढली. त्यांचे नायक एकमेकांना भिडणार होते आणि पाच मुख्य लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर लागणार होता. सुपरमॅनने हल्कला हरवलं, बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला. बाकीच्या तीन लढती मार्वलने घेतल्या: स्पायडर-मॅन, वुल्व्हरीन आणि स्टॉर्म जिंकले. थोडक्यात, निवडणूक झाली आणि ज्याचे चाहते जास्त तो निवडून आला. ताकदीचा प्रश्न होता तिथेच राहिला.

ताकदीची तुलना करायची तर नायकाच्या दंडाकडे बघून भागत नाही. तो कशावर जोर देतोय, हे बघावं लागतं. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे उडी मारणारा जमिनीला जेवढ्या जोराने खाली रेटतो, तेवढ्याच जोराने जमीन त्याला वर ढकलते. जमिनीने कच खाल्ली तर पायांत कितीही बळ असून उपयोग नाही. चिखलातून उडी मारून बघा.

सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला जून 1938 च्या अंकात. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा तो मानसपुत्र. तेव्हा त्याला उडता येत नव्हतं, तो फक्त उड्या मारायचा, वीस मजली इमारत ओलांडेल एवढ्या. वीस मजले म्हणजे साधारण 60 मीटर. एवढं वर जायचं तर जमीन सोडताना वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लागतो. हा वेग त्याला गुडघे वाकवून सरळ होईपर्यंतच्या अर्ध्या मीटरमध्ये मिळवायचाय. गणित सोपं आहे: 60 मीटरला अर्ध्या मीटरने भागा, 120 आले. त्यात स्वतःचं वजन पेलायचा आणखी एक मिळवा. म्हणजे पायांनी शरीराच्या वजनाच्या 121 पट जोर लावायला हवा. वजन 100 किलो धरलं तर हा जोर झाला 12 टन.

आता हे 12 टन दोन तळव्यांवर वाटा. दोन्ही तळवे मिळून 400 चौरस सेंटिमीटर धरू. दर चौरस सेंटिमीटरला 30 किलो दाब आला. घराच्या स्लॅबसाठी वापरतात ते एम-20 काँक्रीट दर चौरस सेंटिमीटरला साधारण 200 किलो सोसतं. म्हणजे 1938 चा सुपरमॅन फुटपाथवरून बिनदिक्कत उडी मारू शकतो, फरशीला तडासुद्धा जाणार नाही. हे उत्तर निघालं तेव्हा मला त्या दोघा पोरांचं कौतुक वाटलं. त्यांनी मागितलेली सवलत फारच माफक होती.

हल्कचं तसं नाही. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा हा हिरवा राक्षस मे 1962 मध्ये आला. तो उडी मारतो ती मैलांच्या हिशेबात. समजा, तो एका उडीत पाच किलोमीटर गेला. 45 अंशांच्या कोनातून झेपावला तरी जमीन सोडताना वेग ताशी 800 किलोमीटर हवा, प्रवासी विमानापेक्षा फार कमी नाही. मार्वलच्या अधिकृत माहितीपुस्तकात त्याचं वजन 1,040 पौंड दिलंय, म्हणजे सुमारे 470 किलो. पाय लांब आहेत, तेव्हा जोर लावायला 60 सेंटिमीटर देऊ. तरी जोर निघतो जवळपास 2,000 टन. पंजेही दांडगे, दोन्ही मिळून 1,500 चौरस सेंटिमीटर धरले, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला 1,300 किलो. काँक्रीटच्या सोसण्याच्या सहापट! हल्क झेपावतो तिथे रस्ता फुटलेला दाखवतात, ती चित्रकाराची अतिशयोक्ती नाही. उलट गोची अशी, की रस्ता फुटला की जोर वाया गेला आणि पाच किलोमीटरची उडी पन्नास मीटरवर आली. त्याला खाली घट्ट खडक हवा. आपल्या सह्याद्रीतला बिनछिद्री काळा बसाल्ट हा दाब पेलू शकेल, न्यूयॉर्कचा डांबरी रस्ता नाही.

हल्कची खरी अडचण मात्र पायात नाही, वजनात आहे. ब्रूस बॅनर 58 किलोचा सडपातळ शास्त्रज्ञ. तो चिडला की 470 किलोचा हल्क होतो. वरचे 412 किलो आले कुठून? गॅमा किरणांच्या ऊर्जेतून, असं चाहते सांगतात. ऊर्जेचं वस्तुमान होतं हे खरंच, आइनस्टाइनचं समीकरण तेच सांगतं. पण भाव काय पडतो बघा. 412 किलोसाठी 37 अब्ज अब्ज ज्यूल लागतात. अख्खं जग सुमारे तीन आठवड्यांत एवढी ऊर्जा वापरतं. बॉम्बच्या भाषेत ही 8,900 मेगाटन झाली. 1961 साली सोव्हिएत रशियाने फोडलेला आजवरचा सर्वांत मोठा अणुबॉम्ब 50 मेगाटनांचा होता, तसे पावणेदोनशे. आणि एवढी किंमत मोजूनही माल धड मिळत नाही. गॅमा किरणातून इलेक्ट्रॉन तयार होतो तेव्हा जोडीला पॉझिट्रॉनही होतो. अर्धं द्रव्य आणि अर्धं प्रतिद्रव्य, आणि ही दोन एकमेकांना भिडली की दोन्ही नष्ट होऊन पुन्हा ऊर्जा होते. म्हणजे हल्क पूर्ण मोठा व्हायच्या आतच स्फोट होऊन जायचा, शहरासकट. सुपरमॅनला हात उचलायचीही गरज पडणार नाही. अर्थात प्रेक्षकही उरणार नाहीत.

आता धावणारे. डीसीचा फ्लॅश 1940 पासून आहे, आणि त्याचा लाल कपड्यांतला नवा अवतार, बॅरी ॲलन, आला 1956 मध्ये. मार्वलचा क्विकसिल्व्हर 1964 चा. 1996 च्या त्या मालिकेत फ्लॅश जिंकला, पण तो निकाल लेखकांनी दिला होता.

धावणं म्हणजे पायाने जमिनीला मागे रेटणं, आणि ते जमतं घर्षणामुळे. कोरड्या रस्त्यावर चांगल्या रबरी तळव्याचा बूट साधारण आपल्या वजनाएवढाच रेटा देऊ शकतो. त्याहून जास्त जोर लावला की पाय घसरतो, मग तो पाय कुणाचाही असो. 80 किलोच्या धावपटूला पुढे ढकलणारा जोर म्हणून 80 किलोपलीकडे जात नाही. दुसऱ्या बाजूला हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ताठ धावणाऱ्या माणसासाठी हिशेब केला, तर ताशी 180 किलोमीटरच्या जरा पुढे हवेचा विरोध 80 किलोला गाठतो. संपलं. स्नायू देवाघरचे असले तरी बूट याहून वेग घेऊ देत नाही. उसेन बोल्टचा सर्वोच्च वेग ताशी 44 किलोमीटरच्या आसपास होता. त्याच्या चौपट, एवढीच फ्लॅशची कायदेशीर मजल. क्विकसिल्व्हरचीही तीच. सामना बरोबरीत!

बरं, हवा काढून टाकू. मग तो वेग वाढवत जाईल, पण सेकंदाला 7.9 किलोमीटरवर गाडी पुन्हा अडते. या वेगाने जाणारी वस्तू पृथ्वीभोवती फिरत राहते, उपग्रहासारखी. पृथ्वीचा गोलावा जेवढा खाली जातो, तेवढीच ती खाली पडत असते. अशा वेगाला धावणाऱ्याचं वजन जमिनीवर पडतच नाही. वजन नाही तर घर्षण नाही, घर्षण नाही तर पुढचं पाऊल नाही. फ्लॅश पाय हलवत 84 मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा घालेल खरा, पण त्या पायांचा आता काही संबंध उरलेला नसेल. या वेगाला पोचायला स्नायूंना सुमारे 24 लाख किलोकॅलरी लागतील. एका पुरणपोळीच्या 300 धरल्या, तर आठ हजार पोळ्या, तूप वेगळं. प्रकाशाच्या वेगाची गोष्टच सोडा. डीसीच्या लेखकांना हे जाणवलं असावं. 1990 च्या दशकात त्यांनी ‘स्पीड फोर्स’ नावाची एक गूढ शक्ती आणली आणि घर्षण, हवा, भूक या सगळ्यांची जबाबदारी तिच्यावर टाकून मोकळे झाले. मला ही पळवाट वाटते, पण पळणाऱ्या नायकाला ती शोभते.

आकार लहान करणाऱ्यांची जोडी मला सर्वांत आवडते. डीसीचा ॲटम 1961 चा, मार्वलचा अँट-मॅन त्याच्या पाठोपाठ 1962 चा. अँट-मॅन मुंगीएवढा होतो, मुंगीच्या पाठीवर बसतो आणि पुढच्याच चौकटीत ठोसा मारून गुंडाला आडवा करतो. पूर्ण वाढलेल्या माणसाच्या ताकदीचा ठोसा. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा जमणार? 1.8 मीटरचा माणूस सहा मिलिमीटरचा झाला, म्हणजे 300 पट आखूड. वजन 70 किलोच राहिलं असेल, तर तळव्यांचं क्षेत्रफळ 90,000 पट घटल्यामुळे दाब जातो दर चौरस सेंटिमीटरला 16,000 किलोवर. साधं पोलाद अडीच हजारांच्या आसपासच वाकायला लागतं. तो फरशीतून खिळ्यासारखा आरपार खाली जाईल, मुंगीचं तर बोलायलाच नको. आणि वजन आकाराबरोबर कमी झालं असेल, तर ते भरतं अडीच मिलिग्रॅम. मग मुंगीवर बसता येईल, पण ठोसा लागलेला गुंडाला कळणारही नाही.

गंमत म्हणजे अडीच मिलिग्रॅमचा हा माणूस स्वतःच्या वजनाच्या मानाने भलताच बलवान असेल. स्नायूचं बळ त्याच्या जाडीवर, म्हणजे क्षेत्रफळावर ठरतं आणि वजन घनफळावर. आकार 300 पट घटला की बळ 90,000 पटींनी कमी होतं, पण वजन 2 कोटी 70 लाख पटींनी. मुंगी कित्येक पट ओझं उचलते ती याच कारणाने. सुपरमॅनच्या पहिल्या अंकात त्याच्या ताकदीचा ‘शास्त्रीय’ खुलासा म्हणून मुंगी आणि नाकतोड्याचेच दाखले दिलेत. ते लागू पडत नाहीत. मुंगी माणसाएवढी केली तर तिचे पाय तिलाच पेलवणार नाहीत. गॅलिलिओने 1638 मध्येच हाडांची चित्रं काढून हे समजावलं होतं.

ॲटमच्या लेखकांनी निदान वजन आणि आकार यांची नियंत्रणं वेगळी ठेवली, हे त्यांच्या बाजूने. पण त्यांनीही एक पाप केलंच. ॲटमची शक्ती येते श्वेत बटू ताऱ्याच्या, म्हणजे इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्याच्या तुकड्यातून आणि पुढे ॲटम होणारा रे पामर तो तुकडा हातांनी उचलून गाडीत घालतो. या ताऱ्यांचं द्रव्य इतकं दाट, की एक घन सेंटिमीटर सुमारे एक टन भरतो. मुठीएवढा तुकडा तीनशे टनांचा. शिवाय ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणातून सुटला की तो स्फोट होऊन फैलावणार. या ताऱ्यांच्या वजनाला मर्यादा आहे, हे गणित 1930 साली मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघालेल्या 19 वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी त्या प्रवासात मांडलं होतं. ॲटम जन्मला तो त्यानंतर तीस वर्षांनी, म्हणजे अज्ञानाची सबब चालणार नाही.

उरले उडणारे. इथे पायाखाली जमीनच नाही, तेव्हा रेटायचं कशाला? पुढे कधीतरी उडायला लागलेला सुपरमॅन हवेत नुसता मुठी पुढे करतो. थॉर हातोडा फेकतो आणि त्याच्याच वादीला लटकून मागोमाग जातो. हातोड्याला पुढे ढकलताना थॉर तेवढाच मागे ढकलला जातो, बेरीज शून्य. हे दोघंही जागेवरच राहणार. 1963 चा आयर्न मॅन मात्र नियमात बसतो, कारण तो बुटांतून काहीतरी खाली फेकतो. 150 किलोचा चिलखतधारी अधांतरी ठेवायला दर सेकंदाला तीन किलो वायू सेकंदाला 500 मीटर वेगाने खाली सोडला की पुरे. रिचर्ड ब्राउनिंग या ब्रिटिश गृहस्थाने 2017 मध्ये हातांना आणि पाठीला छोटी जेट इंजिनं बांधून हे करूनही दाखवलं. इंधन पुरतं काही मिनिटं. त्याच्या इंजिनांना हवा ओढून घ्यायला समोर मोठी तोंडं आहेत. आयर्न मॅनच्या, म्हणजे टोनी स्टार्कच्या बुटांना एकही नाही.