कोयना धरणाला तडे नेमके तिथेच का गेले?

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले. दगडामातीची घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे १८० जणांचा जीव गेला. वीजनिर्मिती थांबल्याने मुंबईतले कारखानेही बंद पडले. या भूकंपाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले, पण त्यातले बरेचसे एकाच प्रश्नाभोवती फिरते: जलाशयातल्या पाण्यामुळे भूकंप झाला का? तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. मात्र त्याच्या मागे दडलेला दुसरा प्रश्न मला जास्त अस्वस्थ करतो. १०३ मीटर उंचीचे आणि बऱ्यापैकी भरलेले ते धरण त्या पहाटे कसे हलले, आणि कुठे दुखावले?

धरण फुटले नाही, हे आधी सांगायला हवे. ते फुटले असते तर कराड-सांगलीपर्यंतचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. पण त्याला तडे गेले. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भागांत, कुठे पाण्याकडच्या तर कुठे खालच्या (नदी पुढे वाहते त्या) अंगाला, आडव्या भेगा दिसल्या. काही ठिकाणांहून पाणी पाझरले. या भेगा पायथ्याशी नव्हत्या. बहुतेक सगळ्या पायापासून साधारण ६६ मीटर उंचीच्या आसपास होत्या.

पायथ्याशी पाण्याचा दाब सर्वांत जास्त असतो आणि धरणाचे सगळे वजनही तिथेच उतरते. म्हणून धरणाची काळजी घेताना पहिली नजर पायाकडे जाते. मग भेगा वरच्या तिसऱ्या भागात का?

उत्तर धरणाच्या आकारात आहे. कोयनेचे धरण म्हणजे रबल काँक्रीटचे (मोठे दगड घालून केलेल्या काँक्रीटचे), स्वतःच्या वजनावर उभे राहणारे धरण. ते सलग एक भिंत नसून शेजारी शेजारी उभ्या केलेल्या ठोकळ्यांचे आहे. या ठोकळ्यांना अभियंते मोनोलिथ म्हणतात. उंच मोनोलिथ कापून पाहिला तर तो पायाशी सुमारे ७० मीटर जाड आहे. पाण्याकडची बाजू जवळजवळ सरळ उभी, खालची बाजू उतरती. ६६.५ मीटर उंचीपर्यंत जाडी कमी कमी होत १९ मीटरच्या थोडी पुढे येते. इथे उतार एकदम बदलतो. त्यावरचे ३६.५ मीटर जवळपास सरळ वर जातात आणि माथ्याशीही जाडी १५ मीटरच्या घरात राहते. म्हणजे निमुळत्या होत गेलेल्या अंगावर एक भरभक्कम ठोकळा बसवलेला आहे, आणि दोघांच्या सांध्याशी कोपरा आहे. भेगा याच कोपऱ्याच्या पातळीवर गेल्या.

आता थोडा हिशेब करू. कागद-पेन्सिलीने होतो आणि त्यातून सगळी गोष्ट उलगडते.

धरणाची एक मीटर लांबीची चकती घ्या. कोपऱ्यावरच्या भागाचे वजन साधारण १६४० टन भरते. ते १९.३ मीटर जाडीवर उतरते, म्हणून तिथे दर चौरस मीटरला सुमारे ८५ टन दाब असतो. हा दाब आपल्या बाजूचा, कारण काँक्रीट दाबाला खंबीर असते. ताणाला, म्हणजे ओढले जाण्याला, मात्र ते कच्चे. दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्साच ताण ते सोसते. भूकंपाच्या वेळी पाणी या पातळीच्या वर सुमारे २५ मीटर होते. त्याच्या रेट्याने पाण्याकडच्या बाजूला ताण येतो तो सुमारे ४२ टनांचा. वजनाच्या ८५ टनांतून तो सहज वजा होतो. इथवर सगळे ठीक.

कोयनेचे डिझाइन करताना भूकंपासाठी ०.०५ हा सिस्मिक कोएफिशंट धरला होता. धरणाच्या प्रत्येक भागावर त्याच्या वजनाच्या पाच टक्के आडवा जोर लावायचा, पायापासून माथ्यापर्यंत सारखाच, असा त्याचा अर्थ. त्या काळी जगभर हीच पद्धत होती आणि दख्खनचे पठार तर भूकंपाच्या दृष्टीने शांत समजले जाई. त्यात कुणी हयगय केली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आपल्या चकतीवर हा जोर लावला तर कोपऱ्याशी आणखी २३ टन ताण वाढतो. ४२ आणि २३ मिळून ६५. वजनाचा दाब ८५. ताण शिल्लक राहतच नाही. कागदावर धरण पूर्ण सुरक्षित.

प्रत्यक्षात काय झाले, त्याची नोंद धरणातच झाली होती. गॅलरीत (धरणाच्या पोटातल्या बोगद्यात) बसवलेल्या, हादऱ्याचा जोर नोंदवणाऱ्या अ‍ॅक्सलरोग्राफने तो हादरा टिपला. प्रवाहाच्या दिशेने आलेला सर्वांत मोठा झटका गुरुत्व त्वरणाच्या ४९ टक्क्यांचा, म्हणजे वजनाच्या जवळपास निम्म्या जोराचा होता, धरणाच्या लांबीच्या दिशेने तर ६३ टक्क्यांचा. धरले होते पाच टक्के. इतक्या मोठ्या धरणात, भूकंपाच्या केंद्राच्या इतक्या जवळ मिळालेली अशी नोंद तेव्हा अत्यंत दुर्मीळ होती. ते यंत्र तिथे बसवणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत, असे मी मनापासून म्हणतो. ते नसते तर पुढचे काही कळलेच नसते.

पण नुसता दहापट झटका म्हणूनही भेगा समजत नाहीत. आपल्या चकतीवर निम्म्या वजनाएवढा आडवा जोर लावा. कोपऱ्याशी २३० टन ताण येईल. त्यात पाण्याचे ४२ मिळवा, वजनाचे ८५ वजा करा, उरतात १८७. त्या काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद अभ्यासकांनी दर चौरस मीटरला सुमारे २४५ टन धरली होती. या हिशेबानेही धरण वाचायला हवे होते.

चूक आहे ती ‘पायापासून माथ्यापर्यंत सारखाच’ या गृहीतकात. धरण म्हणजे ताठ दगड नव्हे. बुडाशी धरून बांबू हलवला की शेंडा हातापेक्षा कितीतरी जास्त झुलतो, तसेच धरणही झुलते. हा मोनोलिथ आपल्या स्वाभाविक लयीत सेकंदाला साधारण तीनदा डोलतो आणि कोयनेच्या हादऱ्यात या लयीला पोसणारे धक्के भरपूर होते. परिणामी पायाशी असलेला झटका वर जाताना वाढत गेला. वरच्या ठोकळ्याला सरासरी गुरुत्व त्वरणाएवढा झटका बसला असे धरा. कोपऱ्याशी ताण ४६० टन होतो, आणि सगळी वजाबाकी करूनही ४०० च्या वर उरतो. काँक्रीट फाटणारच. डोलणे दोन्ही दिशांना, म्हणून भेगा दोन्ही बाजूंना. शिवाय कोपऱ्याशी ताण एकवटतो, तो आपल्या साध्या हिशेबात धरलेलाच नाही.

पाणीही यात गप्प बसत नाही. भिंत हलली की तिला लागून असलेले पाणी तिच्यासोबत ढकलले जाते आणि तिचे वजन जणू वाढते. हा परिणाम मोजण्याचे सूत्र वेस्टरगार्ड यांनी १९३३ मध्येच दिले होते.

वर केलेला हिशेब ढोबळ आहे. नीट, संगणकावरचा हिशेब बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अनिल चोप्रा आणि पी. चक्रबर्ती यांनी करून १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. गॅलरीतली नोंद त्यांनी धरणाच्या संगणकीय प्रतिकृतीला क्षणाक्षणाने लावली. सर्वांत जास्त ताण कुठे आला? उतार बदलतो तिथे, आणि तो काँक्रीटच्या ताकदीच्या बराच पुढे होता. गणिताने दाखवलेली जागा आणि भिंतीवरची भेग एकाच पातळीवर जुळली. एखादा सिद्धांत इतक्या स्वच्छपणे पटावा असे अभियांत्रिकीत वारंवार घडत नाही.

प्रयोगशाळेतही हीच परीक्षा झाली. बर्कलीत कोयनेच्या मोनोलिथची दीडशेपट लहान प्रतिकृती करून ती कंपन-मंचावर हलवली गेली. यात एक गंमतशीर अडचण असते. आकार दीडशेपट लहान केला की वजनाने येणारा दाबही दीडशेपट घटतो. त्यामुळे नेहमीचे काँक्रीट वापरले तर प्रतिकृती कधीच तडकणार नाही. वजनाला काँक्रीटइतके जड, पण ताकदीला त्याच्या दीडशेपट दुबळे असे मिश्रण मुद्दाम घडवावे लागते. हे जमवणे किती कौशल्याचे, ते ज्याने हाताने मिश्रण कालवले त्यालाच ठाऊक.

तेव्हापासून काँक्रीटमध्ये भेग कशी पुढे सरकते याचे नवे संगणकीय प्रारूप कुणी मांडले की ते बहुधा आधी कोयनेवर तपासून पाहिले जाते. अबॅकस या जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नमुना उदाहरणांतही कोयना आहे. पाटण तालुक्यातल्या धरणाची मापे परदेशातल्या संशोधकांना तोंडपाठ असतात, आणि आपल्याकडे हे फारसे कुणाला माहीत नसते, याची मला खंत वाटते.

दुरुस्तीतही हेच ज्ञान उतरले. भेगांत इपॉक्सी भरले गेले, ताणलेल्या पोलादी केबलींनी वरचा भाग खाली जखडला गेला, आणि नंतर उंच मोनोलिथांच्या खालच्या अंगाला काँक्रीटचे भक्कम टेकू बांधले गेले. त्याने तो कोपराच नाहीसा झाला. हे काम १९७३ मध्ये पुरे झाले. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण २००६ मध्ये. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकातही १९७० च्या आवृत्तीत कोयनेचा परिसर वरच्या धोक्याच्या विभागात गेला.

देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतली बरीच जुन्या पद्धतीच्या हिशेबाने उभी राहिली. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने ठरावीक काळाने स्वतंत्र तज्ज्ञांकडून सखोल तपासणी बंधनकारक केली आहे. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणाच्या अशा तपासणीत गॅलरीतली गळती मोजणे आणि निचऱ्याची भोके मोकळी आहेत ना हे पाहणे आलेच. त्यासोबत तीन गोष्टी मागायला हव्यात: धरणाच्या वरच्या भागातून काढलेल्या नमुन्यांची ताण सोसण्याची ताकद, त्या जागेला लागू पडणाऱ्या भूकंपासाठी संपूर्ण उंचीचा गतिक (धरणाचे डोलणे धरून केलेला) हिशेब, आणि चालू स्थितीतला अ‍ॅक्सलरोग्राफ, पायाशी एक आणि माथ्याशी एक.