गुडघ्यातला मुका 'के'

"के एन डबल ई नी, नी म्हणजे गुडघा. के एन ओ टी नॉट, नॉट म्हणजे गाठ." परीक्षा जवळ आली की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांमधून संध्याकाळी हा घोष ऐकू येतो. पूर्वी तो पाचवीपासून सुरू व्हायचा. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं आणि घोषाचा आवाज आणखी कोवळा झाला. मग एखादं पोर विचारतंच, म्हणायचा नाही तर हा 'के' लिहायचा कशाला? "सायलेंट आहे," असं उत्तर मिळतं. ते चूक नाही, पण त्यात 'कशाला'चं काहीच येत नाही.

हा 'के' मुळात मुका नव्हता. हजारेक वर्षांपूर्वीचे इंग्रज गुडघ्याला 'क्नेओव' आणि गाठीला 'क्नोट्टा' म्हणत, आणि क स्पष्ट उच्चारत. लिहिताना तेव्हा तिथे 'सी' असे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि पुढे एनच्या आधीच्या त्या 'सी'ची जागा 'के'ने घेतली. उच्चार तोच राहिला. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि तिथून स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. जीभ मात्र गोठत नाही. सतराव्या शतकात लोकांच्या तोंडून हा क गळाला, तोवर कागदावर तो पक्का बसला होता. १७५५ च्या सॅम्युअल जॉन्सनच्या कोशातही तो तसाच आहे.

सगळा खेळ वेळेचा. 'नट' म्हणजे कठीण कवचाचं फळ. हा शब्द एके काळी 'ह्नुतु' होता, आणि मान या अर्थाचा 'नेक' होता 'ह्नेक्का'. पण त्यांचा ह छापखान्याच्या कितीतरी आधी गेला, त्यामुळे लिखाणातूनही गेला. त्या ह बद्दल कुठल्याच पोराला छडी खावी लागली नाही. जर्मन शिकणाऱ्या कुणालाही विचारा, तिकडे गुडघा आजही 'क्नी'च आहे, क सकट.

नाशिककराला यातली खरी गंमत पुढे आहे. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ मध्ये कलकत्त्यात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात. १८२२ मध्ये याकोब ग्रिम या जर्मन भाषाअभ्यासकाने व्यंजनांच्या बदलाचे नियम मांडले. त्यांतल्या एकानुसार लॅटिन-ग्रीकमधल्या ग च्या जागी इंग्रजी-जर्मनमध्ये क येतो; संस्कृतात याच शब्दांत ज दिसतो. आता 'आजानुबाहू' आठवा. त्यातला जानु, म्हणजे गुडघा, लॅटिनमधला 'गेनु' आणि इंग्रजी 'नी' ही सख्खी भावंडं. 'नो', म्हणजे जाणणे, हा तर आपल्या 'ज्ञा' धातूचा भाऊ. 'अक्कल गुडघ्यात' म्हणणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये, या दोन शब्दांची मुळं वेगवेगळी आहेत.

उलट ज्यांच्या संस्कृत भावंडांत नुसता न आहे, ते इंग्रजीतही नुसत्या 'एन'ने लिहितात: नाम-नेम, नव-न्यू, नख-नेल. शूर्पणखेच्या ज्या नासिकेवरून या गावाचं नाव पडलं असं आपण सांगतो, ती नासिका आणि 'नोझ' एकाच घरच्या. रात्रीची 'नाइट' म्हणजे संस्कृतातली 'नक्त', म्हणून तिला 'के' नाही.

'के'वाली नाइट म्हणजे सरदार. मूळचा 'क्निह्ट' हा नुसता पोरगा किंवा हाताखालचा गडी होता. जर्मनमधला 'क्नेख्ट' गडीच राहिला, इंग्रजीतला मात्र राजाच्या पदरी घोड्यावर बसला आणि नावामागे 'सर' लावू लागला. 'नेव्ह' हाही मुळात पोरगाच, पण त्याचं नशीब खालावलं: आधी नोकर, मग लबाड. पत्त्यांतल्या जॅकला इंग्रज पूर्वी नेव्ह म्हणत. आपण त्याला गुलाम म्हणतो, म्हणजे जुन्या अर्थाच्या जवळ आपणच राहिलो.

बाकीचे भराभर. 'निट' म्हणजे विणणे, ते निघालं गाठ मारण्यावरून. 'नाइफ', म्हणजे सुरी, व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आली. 'नीड' म्हणजे कणीक तिंबणे, 'नोल' म्हणजे टेकाड. 'नेल' ही कुणी गेल्यावर चर्चमध्ये वाजणारी घंटा. नखाच्या 'नेल'शी तिचा संबंध नाही. आणि गाठीच्या 'नॉट'ने जहाजाचा वेग मोजतात, कारण खलाशी ठरावीक अंतरावर गाठी मारलेला दोर पाण्यात सोडून ठरावीक वेळात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजत. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. आपल्या ओझर विमानतळावर उतरणाऱ्या विमानाचा वेगही वैमानिक नॉटमध्येच सांगतो.

इंग्रजीला हसण्याआधी घरात बघावं. आपल्याकडेही 'नांव', 'कांहीं' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार होतेच. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ते काढून टाकले. माझ्या मते फार बरं केलं, जुन्या पिढीला कितीही चुटपुट लागो. इंग्रजीला असं महामंडळ कधी मिळालंच नाही.

पण 'ज्ञ'ला महामंडळानेही हात लावला नाही. लिहितो ज आणि ञ, म्हणतो द्न्य. गोवर्धनच्या मुक्त विद्यापीठाच्या ब्रीदातली 'ज्ञानगंगा' आपल्या तोंडी 'द्न्यानगंगा' होते. कुंभमेळ्यात रामकुंडावर उभं राहिलं तर उत्तरेकडचा साधू 'ग्यान' म्हणतो, गुजरातेतून आलेली आजी 'ग्नान' म्हणते, आणि संकल्प सांगणारे आपले गुरुजी 'द्न्यान'. तिघांच्याही पोथीत अक्षर एकच.